जळणाऱ्या बर्फाचे बीज



वसई तालुक्यातील जुन्या वाड्यांतून ज्यांचे जाणेयेणे झाले आहे, त्यांस बावखल हा शब्द नवा नाही. पावसाचे पाणी साठून ते वाडीच्या उपयोगी पडावे म्हणून खणलेले तळे, ते बावखल. उन्हाळ्यात त्यातील पाणी उतरले आणि पालापाचोळा कुजून तळाशी काळा चिखल साचला, म्हणजे त्यात एक लांब काठी खुपसून पाहावी. चिखलातून बुडबुडे वर येतात. पाण्याने भरलेली बाटली त्यांवर उपडी धरली तर ते तीत साठतात, आणि काडी लावताच फिकट निळ्या ज्योतीने जळतात. (मुलांनी हा प्रयोग वडील माणसांच्या देखत करावा, हे एका जुन्या मास्तराला सांगितल्यावाचून राहवत नाही.) व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठी हेच केले, आणि मिथेन वायूची शास्त्रीय ओळख जगास झाली. शहरात नळाने घरोघर येणारा जो स्वयंपाकाचा गॅस, तोही बहुतांशी मिथेनच होय.

आज मला सांगावयाचे आहे ते या वायूच्या एका विलक्षण रूपाविषयी. मिथेन पाण्यात फारसा विरघळत नाही. पाण्याशी त्याचे सख्य असे नाहीच. परंतु पाणी पुरेसे थंड असेल आणि वायूवर पुरेसा दाब असेल, तर हे दोघे मिळून एक पांढरा घन पदार्थ तयार होतो. दिसावयास तो बर्फासारखाच; पण काडी लावली तर पेट घेतो आणि जळत असता त्यातून पाणी ठिबकते. त्यास मिथेन हायड्रेट असे नाव आहे.

याची घडण मोठी मनोवेधक आहे. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून पिंजरे बांधतात, आणि प्रत्येक पिंजऱ्यात मिथेनचा एक रेणू कोंडला जातो. पिंजरे दोन प्रकारचे असतात. लहान पिंजरा वीस पाणरेणूंचा, त्याच्या बारा बाजू पंचकोनी. मोठा चोवीस पाणरेणूंचा, त्यात आणखी दोन षट्‌कोनी बाजूंची भर. एका कोपऱ्यावरचा रेणू शेजारच्या पिंजऱ्यांनाही समाईक असल्यामुळे दोन लहान व सहा मोठे अशा आठ पिंजऱ्यांस एकंदर ४६ पाणरेणू पुरतात. सगळे पिंजरे भरले तर मिथेनच्या एका रेणूमागे पाण्याचे पावणेसहा रेणू असे प्रमाण पडते. यजमान आणि पाहुणा यांच्यात रासायनिक बंधन मुळीच नसते. पण पाहुणा आत असल्यावाचून यजमानाचे घर उभे राहत नाही, ते कोसळते. एक घनफूट हायड्रेट वितळविला तर त्यातून साध्या दाबाखाली सुमारे १६४ घनफूट वायू मोकळा होतो. इतका वायू इतक्या थोड्या जागेत कोंडला जातो, यातच या पदार्थाविषयीच्या साऱ्या आशेचे आणि साऱ्या भीतीचे मूळ आहे.

या कुळातील पहिला पदार्थ हंफ्री डेव्ही याने १८१० च्या सुमारास ओळखला. तो क्लोरीन वायूचा होता. लोक ज्यास गोठलेला क्लोरीन समजत होते, त्यात पाणीही आहे असे त्याने दाखविले. मिथेनचा हायड्रेट व्हिलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८८ साली केला. पुढे पुष्कळ वर्षे ही प्रयोगशाळेतील एक गंमत होती. १९३४ साली अमेरिकेत हॅमरश्मिट याने दाखवून दिले की, हिवाळ्यात वायूचे नळ तुंबतात ते साध्या बर्फाने नव्हे, तर या हायड्रेटाने. कारण पाणी ज्या उष्णतामानाला गोठते त्याहून वरच्या उष्णतामानालाही ते तुंबत होते. त्या दिवसापासून या विषयास व्यवहारात स्थान मिळाले.

आता प्रश्न असा, की हायड्रेट केव्हा जमतो? याला दोन वेगवेगळी उत्तरे आहेत, आणि ती दोन्ही निराळी ठेवणे हेच या विषयातले मर्म आहे असे मला वाटते.

पहिले उत्तर मर्यादेचे. शुद्ध पाणी शून्य अंशावर असेल तर सुमारे २६ वातावरणांचा दाब लागतो. ४ अंशांवर जवळजवळ ३९. १० अंशांवर ७० च्या आसपास. पाणी जितके उबदार तितका दाब अधिक. ही रेघ शास्त्रज्ञांनी फार काटेकोरपणे आखून ठेवलेली आहे. कागदावर बोट ठेवून सांगता येते, की येथे जमेल, येथे जमणार नाही.

ही रेघ आपल्या समुद्रास लावून पाहू. मुंबईच्या पश्चिमेस समुद्राखाली १९७६ साली एक मोठे वायुक्षेत्र सापडले, त्यास आमच्या वसईचेच नाव इंग्रजी रूपात दिलेले आहे: 'बसीन'. तेथून वायू समुद्रतळावरील नळातून गुजरातेत हजिऱ्यास जातो. म्हणजे आमच्या गावाच्या नावाचा मिथेन आहे, समुद्राचे पाणीही आहे. मग तेथे समुद्रतळावर हायड्रेट का नाही? कारण तेथील समुद्र उथळ आणि कोमट आहे. दहा मीटर पाण्यामागे एक वातावरण दाब वाढतो, हे ध्यानात घेतले तर साठ मीटर खोलीवर वरच्या हवेचा दाब धरूनही सातच वातावरणे होतात. आणि तेथील पाणी तर अंगाला थंडसुद्धा लागावयाचे नाही. आपल्या बाजूच्या समुद्रात मर्यादेच्या आत शिरावयाचे तर साधारण सातआठशे मीटर खाली उतरावे लागेल. शिवाय समुद्रतळाच्या खाली खोल गेले तर पृथ्वीच्या पोटातील उष्णता वाढत जाते. त्यामुळे काही शे मीटरांनंतर पुन्हा मर्यादा संपते. हायड्रेटास राहण्याजोगा असा एक पट्टाच काय तो असतो.

दुसरे उत्तर वेळेचे, आणि ते अवघड आहे. मर्यादेच्या आत शिरल्याबरोबर हायड्रेट जमतोच असे नाही. काचेचे एक पात्र घ्यावे, त्यात शुद्ध पाणी व मिथेन भरावा, दाब वाढवावा, उष्णतामान मर्यादेच्या तीनचार अंश खाली आणावे, आणि वाट पाहावी. कधी अर्ध्या तासात पाणी दुधाळते. कधी तेच पात्र, तेच पाणी, तोच दाब, आणि दिवस उलटला तरी काही घडत नाही. प्रयोग करणाराचा हात चुकला म्हणून नव्हे. या घटनेचा स्वभावच तसा आहे. पहिल्या स्फटिकाचे बीज केव्हा धरेल हे केवळ संभाव्यतेने सांगता येते, घड्याळाने नाही.

असे का व्हावे? गृहिणींस याचे कारण अर्धेअधिक ठाऊकच आहे. तूप कढवून ठेवले की ते निवते, पण रवा लगेच धरत नाही. खडीसाखर करणारा साखरेच्या दाट पाकात दोरा सोडतो, तो उगीच नव्हे. दोऱ्यावर स्फटिकाला पहिले पाऊल टेकावयास जागा मिळते. कोणताही स्फटिक सुरू होताना अगदी लहान असतो, आणि लहान असणे हीच त्याची आपत्ती. कणाच्या पोटातील रेणू चोहोबाजूंनी शेजाऱ्यांनी धरलेले असतात. काठावरचे अर्धेच धरलेले. कण लहान असला तर जवळजवळ सगळेच रेणू काठावर येतात, आणि तो जमतो न जमतो तोच विरघळतो. असे असंख्य कण जन्मतात आणि मरतात. त्यांतला एखादा, दैवाने म्हणा, एका ठराविक आकारापलीकडे गेला की मग त्यास वाढणे सोपे आणि विरघळणे कठीण होते. त्या क्षणाला बीज धरले असे म्हणावयाचे.

हायड्रेटाच्या बाबतीत ही अडचण दुणावते, कारण येथे नुसते पाण्याचे रेणू नीट बसून भागत नाही, पाहुणाही हवा. आणि पाण्यात तो किती असतो? दाबाखालीसुद्धा साधारण हजार पाणरेणूंमागे एक. हायड्रेटात तर सहा पाणरेणूंमागे जवळजवळ एक पाहिजे. म्हणजे विरळ वस्तीच्या मुलखातून माणसे गोळा करून एकाएकी बाजार भरवावयाचा, तसे हे काम आहे. म्हणूनच बीज बहुधा पाणी आणि वायू जेथे एकमेकांस भेटतात त्या पृष्ठभागावर, किंवा पात्राच्या भिंतीवर, धरते. कोलोरॅडोतील संशोधकांनी २००९ साली गणकयंत्रावर हजारो रेणूंची हालचाल मांडून हा क्षण पाहिला. नीटनेटके पिंजरे एकापाठोपाठ एक उभे राहतात असे दृश्य त्यांस दिसले नाही. आधी काही मिथेनरेणू जवळ येतात, त्यांच्याभोवती लहानमोठे, वेडेवाकडे पिंजरे एकमेकांत गुंतून बांधले जातात, आणि सुबकपणा मागाहून येतो. घर आधी, वास्तुशास्त्र नंतर!

आणखी एक चमत्कार सांगावयाचा राहिला. एकदा जमलेला हायड्रेट हलकेच वितळवून तेच पाणी पुन्हा थंड केले, तर दुसऱ्या वेळी बीज फार लवकर धरते. पाणी बरेच तापविले तर मात्र ही सवय नाहीशी होते. जाणते लोक यास पाण्याची स्मृती म्हणतात. वितळल्यावरही पाण्यात पिंजऱ्यांचे अवशेष टिकतात, असे एक मत. वितळताना सुटलेला वायू पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने रेंगाळतो आणि तोच पुढल्या खेपेस हाताशी येतो, असे दुसरे. वाद अद्याप मिटलेला नाही. मला स्वतःला दुसरे मत अधिक पटते, कारण त्यात पाण्याला स्मरणशक्ती देण्याचे प्रयोजन उरत नाही. तूप जेमतेम पातळ करून ठेवले तर रवा लवकर धरतो आणि चांगले कडकडीत केले तर उशिरा, हेही येथे आठवावे. तेथे मात्र न वितळलेले कणच बीजाचे काम करतात.

येथे आमच्या उमेळ्याच्या बाजूची एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. वसईच्या खाडीकाठी मिठागरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. भरतीचे पाणी आत घ्यावयाचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवावयाचे, आणि उन्हावाऱ्याने ते दाट होऊ द्यावयाचे. समुद्राचे पाणी घनतामापकावर सुमारे ३ अंश बोमे दाखविते. ते २५ अंशांच्या आसपास पोहोचले की मीठ पडू लागते. मिठागरातला जाणता माणूस यंत्रावाचून, पाण्याच्या रंगावरून आणि बोटांना लागणाऱ्या बुळबुळीवरून, मीठ केव्हा पडेल ते सांगतो, आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. मग प्रयोगशाळेतल्या विद्वानास जे सांगता येत नाही ते यास कसे सांगता येते? उत्तर असे, की मिठागराचा वाफा मोठा आणि त्यात धूळ, चिखल, जुन्या मिठाचे कण लक्षावधी. इतक्या ठिकाणी बीज धरण्याची सोय असली की दैवाचा खेळ सरासरीत बुडून जातो. काचेच्या लहानशा स्वच्छ पात्रात तशी ठिकाणे मोजकी, म्हणून तेथे लहर चालते. जागा मोठी आणि मळकी असेल तर निसर्ग वेळ पाळतो, लहान आणि स्वच्छ असेल तर नाही, असे म्हटले तरी चालेल.

मिठाचा विषय निघालाच आहे, तर रसायनांकडे वळू. मीठ हे हायड्रेटाचे वैरी आहे. मिठाचे विद्युत्भारित कण पाण्याच्या रेणूंस आपल्याभोवती ओढून धरतात. मग पिंजरा बांधावयास मोकळे रेणू कमी उरतात. समुद्राच्या पाण्यात मर्यादेची रेघ गोड्या पाण्यापेक्षा एक अंशाहून किंचित अधिक खाली सरकते. शेकडा वीस मिठाच्या पाण्यात ती सुमारे दहा अंशांनी सरकते. गंमत अशी, की पिंजऱ्यात मिठाला मुळीच थारा नाही. हायड्रेट जमताना पाणी तेवढे उचलतो आणि मीठ बाहेर टाकतो, त्यामुळे भोवतालचे पाणी अधिक खारट होत जाते आणि हायड्रेटाची पुढील वाढ आपोआप मंदावते. मिठागरात पाणी आकाशात जाते आणि मीठ वाफ्यात राहते. समुद्रतळाखाली पाणी पिंजऱ्यात जाते आणि मीठ दाराबाहेर राहते.

वायूच्या नळात मीठ घालून चालत नाही, लोखंड गंजते. तेथे मिथेनॉल किंवा ग्लायकोल घालतात. मोटारीच्या रेडिएटरमध्ये पाणी गोठू नये म्हणून जे द्रव्य घालतात, तेच हे ग्लायकोल. याचे काम मिठासारखेच: पाणरेणूंस गुंतवून ठेवावयाचे आणि मर्यादाच दूर ढकलावयाची. उपाय खात्रीचा, परंतु खर्चाचा; नळातील पाण्याच्या चौथाईपासून निम्म्यापर्यंत द्रव्य घालावे लागल्याची उदाहरणे आहेत.

दुसरा एक वर्ग अगदी निराळ्या रीतीने काम करतो. तो मर्यादेला हात लावत नाही. बीज धरण्यास लागणारा वेळ तेवढा लांबवितो. पॉलिव्हिनिल पायरोलिडोन असे लांबलचक नावाचे एक द्रव्य या कामी वापरतात. नावाने घाबरून जाण्याचे कारण नाही. जखमेवर लावण्याचे पोव्हिडोन-आयोडीन घरोघर असते, त्यातले पोव्हिडोन ते हेच. त्याच्या लांब साखळ्या नुकत्या जन्मलेल्या स्फटिकाच्या अंगास चिकटतात आणि त्यास पुढे सरकू देत नाहीत. पाण्याच्या शेकडा एक भाग किंवा त्याहूनही कमी द्रव्य पुरते. साखरेच्या पाकात लिंबाचे चार थेंब पिळले की पाक लवकर साखरत नाही, हे तत्त्व याच्या जवळचे आहे: आंबटपणाने थोड्या साखरेचे विघटन होते आणि त्यातून निघालेल्या निराळ्या शर्करा मूळ साखरेच्या स्फटिकास नीट जुळू देत नाहीत. पाक साखरणार नाहीच असे नव्हे. जिलबी पाकात घालून काढीपर्यंत साखरला नाही म्हणजे झाले. नळातील वायूही काही तासांत किनाऱ्यास पोहोचला म्हणजे काम झाले. मात्र उष्णतामान मर्यादेच्या सुमारे दहा अंशांपलीकडे खाली गेले की या द्रव्याची शक्ती संपते. मर्यादा हलविणारे औषध कोणते आणि वेळ लांबविणारे कोणते, हे ज्यास कळले नाही त्याने नळ बंद पडल्यावर औषधाला दोष देऊ नये.

उलट दिशेनेही रसायने काम करतात. शांत पाण्यावर मिथेन कोंडला तर हायड्रेट प्रथम पृष्ठभागावर, दुधावर साय धरावी तसा धरतो, आणि ती सायच खालचे पाणी व वरचा वायू यांच्यामध्ये आड येते. पुढे वाढ जवळजवळ थांबते. त्याच पाण्यात शांपूत असतो तसला फेस आणणारा साबणी पदार्थ अगदी चिमूटभर घातला, तर साय अखंड धरत नाही. हायड्रेट सच्छिद्र होऊन पात्राच्या भिंतीवर चढतो, आणि त्या छिद्रांतून पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे वर खेचले जाते. वाढीचा वेग शेकडो पटींनी वाढल्याचे प्रयोग झालेले आहेत. मर्यादेची रेघ मात्र जागची हलत नाही. वायू हायड्रेटाच्या रूपाने साठवून नेण्याची कल्पना ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांस हा साबण मोलाचा वाटतो.

पाहुणे बदलले तरी रेघ बदलते. कार्बन डायऑक्साइडला शून्य अंशावर बाराएक वातावरणे पुरतात. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तर एका वातावरणाच्या आसपासच पिंजऱ्यात शिरतो. मिथेनमध्ये तो थोडा मिसळलेला असला तरी हायड्रेट लवकर आणि उबदार पाण्यातही जमतो. बसीन क्षेत्राच्या वायूत हा दुर्गंधी वायू आहे आणि हजिऱ्यास तो काढून टाकावा लागतो, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. समुद्र कोमट असला तरी वायू झडपेतून एकाएकी पसरला म्हणजे थंड होतोच. म्हणून वायू दूरच्या नळात सोडण्यापूर्वी त्यातील ओलावा काढण्याची काळजी घेतात. पाणीच नसेल तर पिंजरा कशाचा बांधणार?

ही काळजी केवळ पुस्तकी नाही. १९३४ सालच्या तुंबलेल्या नळांपासून २०१० साली मेक्सिकोच्या आखातात झालेल्या अनर्थापर्यंत ही मालिका आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये डीपवॉटर होरायझन नावाच्या तराफ्यावर स्फोट झाला, ११ माणसे दगावली, आणि सुमारे १५०० मीटर खोलीवरील विहिरीतून तेल व वायू समुद्रात वाहू लागले. मे महिन्यात सुमारे शंभर टन वजनाची एक पोलादी घुमटी गळतीवर बसवून तेल वरच्या वर नळाने उचलण्याचा बेत झाला. घुमटी खाली उतरली. पण तेथील गार पाणी, दीडशे वातावरणांचा दाब आणि उसळणारा वायू यांनी पाहता पाहता हायड्रेट जमविला. वरचे तोंड बुजले, आणि हायड्रेट पाण्याहून हलका असल्यामुळे घुमटी तरंगू पाहू लागली. तो बेत सोडून द्यावा लागला, आणि गळती जुलैपर्यंत चालली. तेथे बीज धरण्यास वेळ का लागला नाही? मर्यादेच्या किती तरी आत, खवळलेल्या पाण्यात, तेलवायूचे असंख्य बुडबुडे: मिठागराच्या वाफ्यात असतात त्याहूनही अधिक पृष्ठभाग तेथे होते. दैवाला वाट पाहावयास लावील असे काहीच उरले नव्हते.

आता आपल्या देशाकडे येऊ. २००६ सालच्या एप्रिलअखेरीस 'जॉइडिस रिझोल्यूशन' हे वेधनजहाज मुंबईहून निघाले आणि ऑगस्टपर्यंत भारताच्या समुद्रांत त्याने २१ ठिकाणी ३९ छिद्रे घेतली. पहिले ठिकाण आपल्याच बाजूचे, केरळ-कोकण खोऱ्यातले होते. पाणी अडीच हजार मीटरांहून खोल, गारवा पुरेसा, दाब तर गरजेच्या कितीतरी पट. हायड्रेट मिळाला नाही. तेथील गाळ मुख्यत्वे चुनखडीचा, सेंद्रिय द्रव्य अल्प, म्हणून मिथेनच पुरेसा नव्हता. घर बांधावयास सर्व सामान होते. पाहुणाच आला नाही. कृष्णा-गोदावरीच्या मुखाबाहेर मात्र नद्यांनी आणलेला कुजकट गाळ दाट, आणि तेथे चिकणमातीच्या भेगाभेगांतून जवळजवळ १२८ मीटर जाडीचा हायड्रेटाचा थर सापडला. अंदमानच्या समुद्रात तो ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत, समुद्रतळाखाली सहाशे मीटरपर्यंत आढळला. वर काढलेल्या गाळाच्या कांडीत हायड्रेट कोठे होता हे ओळखण्याच्या दोन युक्त्या ऐकण्यासारख्या आहेत. हायड्रेट वितळताना उष्णता शोषतो, म्हणून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तेवढा भाग गार दिसतो. आणि वितळलेले पाणी गोडे असल्यामुळे त्या ठिकाणच्या पाण्याचा खारेपणा उतरतो. मीठ दाराबाहेर राहते असे मघा म्हटले, ते येथे साक्षीला उभे राहते.

समुद्रतळास घाई नसते, हे येथे विसरता कामा नये. प्रयोगशाळेत ज्या बीजाची तासन्‌तास वाट पाहावी लागते, त्यासाठी समुद्राजवळ हजारो वर्षे आहेत. तेथे प्रश्न वेळेचा नसून मर्यादेचा आणि पाहुण्याचा आहे. नळात याच्या उलट: तेथे पाहुणे भरपूर, मर्यादा ओलांडलेली, आणि वेळ हीच काय ती मालमत्ता. एकाच पदार्थाची ही दोन बिऱ्हाडे ध्यानात घेतली म्हणजे प्रयोगशाळेतील आकडा कोठे लागू करावा आणि कोठे करू नये हे कळते. चिकणमातीत छिद्रे अतिसूक्ष्म म्हणून हायड्रेट ती फाकवून भेगांत वाढतो. वाळूत मोकळ्या जागा मोठ्या म्हणून तो कणांच्या मधल्या पोकळीतच भरतो. २०१५ साली 'चिक्यू' या जपानी जहाजाने केलेल्या दुसऱ्या मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात असे वाळूचे भरलेले थर मिळाले. वायू काढावयाचा तर वाळूतला बरा. चिकणमातीतून तो वाहतच नाही. आपल्या पनवेलला तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचे गॅस हायड्रेट संशोधन केंद्र आहे, आणि असल्या प्रश्नांवर तेथे काम चालते.

समुद्रतळाच्या हायड्रेटातून व्यापारी प्रमाणावर वायू काढणे कोणत्याही देशास अद्याप साधलेले नाही. जपानने २०१३ साली नानकाई खळग्यात विहिरीतले पाणी उपसून दाब उतरविला. दाब उतरला की मर्यादा ओलांडली जाते आणि पिंजरे उघडतात. वायू आला, पण सहाव्या दिवशी वाळूही आली आणि प्रयोग आवरावा लागला. चीनने २०१७ साली दक्षिण चिनी समुद्रात ६० दिवस वायू काढून दाखविला. या कामातली खोच अशी आहे: गाळात हायड्रेट वितळू लागला की तो भोवतालची उष्णता पिऊन टाकतो आणि गाळ थंड होतो. सुटलेला वायू आणि गोडे पाणी दोन्ही थंडच विहिरीत शिरतात. पाणी गोडे, म्हणजे मिठाचा अडसर गेला. नुकतेच वितळलेले, म्हणजे पुन्हा जमण्याची सवय ताजी. वर येताना वाटेत कोठे दाब पुन्हा चढला, तर तेथे हायड्रेट पुन्हा बीज धरू शकतो. म्हणून खाली जो पदार्थ मोडावयाचा, तोच वर नळात जमू नये यासाठी त्याच विहिरीत मिथेनॉल किंवा ग्लायकोल सोडण्याची सोय ठेवावी लागते.